सुजलेल्या पायाने दिलेला खांदा

मैत्रिणींनो, आज पेणला ह्यांच्या घोट्याचा रिपोर्ट मिळाला.

पाच महिन्यांपूर्वी पाय मुरगळला, तेव्हा मीच तेल चोळलं. दोनच दिवसांनी आमच्या रोह्यात पालखी, सूज तशीच. हे म्हणाले, "पाय टेकवत नाय गो." मी म्हटलं, "देवाला खांदा द्यायला कुरकुर कसली?" गेले बिचारे, अनवाणीच.

आज पालखीचं ऐकून डॉक्टर म्हणाले, "सांध्यातली कूर्चा फाटलीय, खालचं हाडही खचलंय. आता थोडं लंगडणं राहणारच. सुजलेल्या पायावर ओझं कुणी घ्यायला लावलं?"

मी मान खाली घातली.

हेच बोलले, "मीच हट्ट केला. ही नको म्हणत होती."

एसटीत मला रडू आवरेना. तर म्हणतात, "तू कशाला रडतेस? पाय माझा हाय."

घरातलं माणूस दुखतंय म्हणतं, तेव्हा तुम्ही पहिल्याच वेळी खरं मानता ना? मी मानलं नाही.