अप्पांचा हात आणि नवा गेम

मंडळी, आज फार घाबरले.

पक्षाघातानंतर अप्पांचा उजवा हात जुन्या व्हिडिओ गेममुळे उठायला लागला होता. रिमोट धरून हात फिरवला की पडद्यावर चेंडू जायचा, बस्स. मी हौसेने त्याचंच नवं मॉडेल आणलं आणि जुना गेम आमच्या गावातल्या मंडी मोहल्ल्यातल्या दुरुस्तीवाल्याला देऊन टाकला.

नव्यात चित्रं सुंदर, पण आधी खातं उघडा, मग दहा बटणं. सकाळी अप्पांनी रिमोट खाली ठेवला. "बेडा मगळे, नको गं पोरी, हे मला जमायचं नाही."

मी धावतच दुकानात गेले. जुना अजून होता! पण दुकानदार म्हणाला, "याचे पार्ट आता येत नाहीत."

तरी मी तो परत आणून जोडला, आणि संध्याकाळी खेळताना अप्पांचा हात खांद्यापर्यंत गेला. उद्या हा गेम बंद पडला तर? तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर असा एखादा पडून आहे का?