चाचा आणि मलकापूरच्या चाळीस चादरी

मला आजवर एकाच माणसानं फसवलं आहे: आमच्या लॉजच्या चादरी धुणाऱ्या चाचांनी. शेगावात नारळ-हार विकण्यापासून सुरुवात करून मी वीस खोल्यांपर्यंत पोचलो, ते काही गोड बोलून नाही. सुतार, रंगारी, फरशीवाला, सगळ्यांशी कडाकडा भांडून भाव पाडले. मला गंडवायला आलेले स्वतःच गंडून परत गेले. आणि गुडघ्यापर्यंत लुंगी खोचलेल्या या म्हाताऱ्यानं चार वर्षं, रोज, माझ्या डोळ्यांदेखत मला फसवलं.

कापडाची एवढी मर्जी सांभाळणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा नसेल. सुती चादर त्यांच्या लेखी कष्टकरी. "तिले उकळा, आपटा, उन्हात टाका, ते नाराज नाही होत." सोड्याच्या कढत पाण्यातून काढून, शेवटच्या पाण्यात नीळ घालून, ती गच्चीवर भर उन्हात जायची. लोकरीच्या ब्लँकेटपुढे मात्र त्यांचा आवाजसुद्धा खाली यायचा. थंड पाणी, रिठ्याचा फेस, पिळायचं नाही, नुसतं तळव्यांनी दाबायचं आणि सावलीत बाजेवर आडवं पसरायचं. एकदा ते लग्नाला गेले असताना मी वैतागून चार ब्लँकेटं उकळत्या पाण्यात टाकली. चाचा परतले. उशीच्या खोळीएवढं झालेलं एक ब्लँकेट त्यांनी हळूच उलगडलं, खिशातली टोपी काढून डोक्यावर घातली आणि मयताला आल्यासारखे उभे राहिले. मग म्हणाले, "सेठ, याच्यात मानूस झोपवता का मांजर?" बायकोच्या माहेरचा रेशमी पलंगपोस तर ते आमच्या टाकीत बुडवूच देत नसत. सोड्यानं रेशीम मरतं, म्हणून तो स्वतःच्या घरी न्यायचे आणि उलट्या बाजूनं, ओलसर असतानाच इस्त्री करून, दोन्ही हातांवर आडवा धरून आणायचे. पोरगी सासरी सोडायला निघाल्यासारखे.

त्यांचा आणखी एक हट्ट होता. नवं कापड पाण्यात जाण्याआधी त्याच्या कोपऱ्यावर बिब्ब्याच्या रसानं खूण झालीच पाहिजे: तीन ठिपके आणि एक आडवी रेघ. ही काळी खूण कापड फाटलं तरी जात नाही. खुणेशिवाय साधा रुमालही त्यांनी कधी धुतला नाही.

चार वर्षांपूर्वी मी मलकापूरहून चाळीस पांढऱ्या चादरी आणल्या. शुद्ध सुती, असं दुकानदार म्हणाला होता, आणि दोन तास घासाघीस करून मी त्याला रडकुंडीला आणलं होतं. चाचांनी एका चादरीचा धागा ओढला, काडी लावली. धागा जळायच्या ऐवजी वितळला आणि त्याचा कडक मणी झाला.

"सेठ, हे टेरिकॉट हाय. पानी पेत नाही. यात्रेकरूचा घाम कसा पेईन?"

"चाचा, तुम्ही धुवा. मत देऊ नका!" मी ओरडलो. काउंटरपाशी गिऱ्हाइकं उभी होती. "जुन्या चादरी आजच्या आज फेका. उद्यापासून याच पाहिजेत."

"हाव सेठ," म्हणून चाचा गठ्ठा घेऊन गेले.

दुसऱ्या दिवसापासून पलंगांवर पांढऱ्याशुभ्र चादरी. मी खोल्यांत झोपत नाही, मी काउंटरवर बसतो. तिथं येऊन लोक सांगायचे, तुमच्या चादरीवर काय झोप लागते हो! नागपूरच्या एका बाईंनी तर दुकानाचा पत्ता लिहून घेतला. मी प्रत्येकाला मलकापूरची घासाघीस रंगवून सांगायचो. चाचा शेजारी घड्या घालत उभे असायचे. एकदाही हसले नाहीत.

गेल्या महिन्यात गुडघ्यांनी दगा दिला आणि चाचा मुलीकडे उंद्रीला निघून गेले. जाताना ऑटोतून एक गठ्ठा पाठवला. आत मलकापूरच्या चाळीस चादरी. दुकानातल्या घड्या तशाच. एकाही कोपऱ्यावर खूण नाही.

मी धावत पहिल्या खोलीत गेलो, पलंगावरची चादर ओढली. मधोमध बारीक शिवण. मधोमध बारीक शिवण. विरलेली जुनी सुती चादर मधून उभी कापून, धड राहिलेल्या कडा मध्यभागी आणून जोडलेली. वीसही पलंगांवर तेच.

मी फोन लावला. "चाचा, हा काय प्रकार आहे?"

"काऊन सेठ? तुमी म्हनले धुवा, मत देऊ नका. म्या कुठी मत देलं?"

मी फोन ठेवला आणि गठ्ठ्यातल्या चादरी मोजल्या, पूर्ण चाळीस.

मलकापूरवाल्यानं मला फसवलं, हे मी अजूनही मान्य करत नाही. पण परवा दुपारी गठ्ठ्यातली एक चादर स्वतःच्या पलंगावर घातली, आणि पाठीला चिकटलेली ती चादर सोलून काढत उठलो. आता नवा धुलाईवाला सुती, लोकरी, सगळं एकाच मशिनीत फिरवतो. चादरी स्वच्छ येतात, पण त्यांना उन्हाचा वास नसतो. काउंटरवर झोपेचं कौतुक करायला कोणी थांबत नाही.

तेव्हा मी उद्या उंद्रीला जातोय. चार वर्षं लोकांनी केलेलं चाचांच्या चादरींचं कौतुक मी माझ्या नावावर खपवत होतो, तेव्हा हा माणूस शेजारी उभा राहून गप्प का बसला, याचा जाब त्यांना द्यावाच लागेल. समोर बसून, माझ्या डोळ्यांत बघून. घाई नाही. सावकाश द्यावा, हवं तर शेगावला परत येऊन द्यावा. मी ओरडणार नाही.