कोसळलं नाही ना?

आमच्या ग्लासगोच्या मराठी ट्रेकिंग ग्रुपमध्ये एक डॉक्टरकाकू आहेत. नकला मी सगळ्यांच्याच करतो, पण काकूंचं "बघते हं" म्हटलं की गाडीत सगळे लोळतात. पेशंटचं पोट दाबावं तशी काकू बर्फात काठी दाबून बघतात.

एप्रिलमधल्या त्या रविवारी कडक ऊन होतं आणि शिखर अगदी समोर दिसत होतं. काकूंची काठी मात्र भसकन आत गेली. "उन्हानं बर्फ सैल झालंय. वरचा उतार कधीही घसरून खाली येईल," म्हणत त्यांनी वाटेतच फतकल मारली आणि थालीपिठांचा डबा उघडला.

"अहो काकू, ते बघा दोघं चाललेत वर!"

"जाऊ देत. माझी माणसं जाणार नाहीत."

आम्ही चरफडत थालीपिठं खाल्ली. दुपारी ते दोघं धडधाकट खाली आले, वर आम्हाला हात करून गेले. मी लगेच काकूंच्या आवाजात म्हटलं, "बघते हं, कुठं कोसळलं ते!"

सगळे हसले, काकूही हसल्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाल्या, "नाही कोसळलं, बरंच झालं. तुला काय कोसळायला हवं होतं? धर हा डबा. पुढच्या वेळीही मी अशीच बसणार आहे."