दयामावशीच्या वहीतली एकादशी

गावात आवई होती की गिरणीवाली दया गिऱ्हाइकांची चित्रं काढून ठेवते. कोण दळणात खडे आणतं, कोण सुनेला कसं बोलतं, सगळं वहीत. साळूबाई तर डबा ठेवण्याआधी पदर नीट करायची.

खोटं आहे. गिरणीत डबे उचलायला तिच्या हाताखाली मीच आहे, मला ठाऊक: दयामावशी फक्त स्वतःला काढते. गिरणीच्या आवाजात बोलायचं राहून जातं, ते दुपारी मोटार बंद झाली की चार चौकटींत उतरतं: पिठानं पांढरी झालेली बाई, दोन डोळे, आणि वरच्या फुग्यात राहिलेलं बोलणं. अशा अकरा वह्या झाल्यात.

एकादशीला उपवासाचं दळण सगळ्यांच्या आधी, हा तिच्या गिरणीचा नेम. पण त्या सकाळी भिमाजीला श्रीरामपूरची एसटी गाठायची होती. तिनं त्याची बाजरी आधी दळली आणि जातं साफ न करताच रतनबाईंचा राजगिरा टाकला. दुपारी झाडताना जात्याखाली सांडलेल्या राजगिऱ्याच्या पिठात तिला बाजरीची करडी झाक दिसली; रतनबाईंच्या घरी ते पीठ तोवर खाऊनही झालं असणार. चर्चला जाणाऱ्या बाईकडं उपवासाचं दळण कशाला, असं शेजारणी म्हणायच्या, तरी रतनबाई वीस वर्षं तिच्याचकडं येत होत्या.

मावशीनं वही घेतली. आधी स्वतःला पाठमोरं काढलं, खोडलं, मग तोंड काढलं, आणि फुग्यात बाजरीची चूक लिहिली. आणि वहीसकट थेट रतनबाईंच्या ओट्यावर.

रतनबाईंनी चष्मा लावून चारी चौकटी बघितल्या, परत पहिल्यापासून बघितल्या.

"म्हंजे उपास मोडला म्हनायचा."

"व्हय, काकू. माज्यामुळं."

"न्हाई सांगितलं असतं तर कुनाला कळलं असतं गं?"

"मला कळलं हुतं."

रतनबाई वही परत देऊन आत गेल्या. चहा विचारला नाही.

मी पैज लावली, ही बाई आता आपल्या गिरणीची पायरी चढत नाही. मावशी म्हणाली, येईल. हरणाऱ्यानं रतनबाईंची नक्कल करायची, खुद्द त्यांच्यासमोर.

पुढच्या एकादशीला शटर अर्धं वर गेलं नाही तोच रतनबाईंचा डबा आत आला. "आधी माज्यासमोर जातं पूस," असं मावशीला सांगून त्या स्टुलावर बसल्या. मावशीनं जातं पुसलं, राजगिरा ओतला, माझ्याकडं बघितलं, आणि मोटारीच्या बटणावर बोट ठेवून थांबली. नक्कल नीट ऐकू जावी म्हणून.