क्लाऊडवरचं मॉडेल उतरवताना

मानिक चौकातल्या एका औषधांच्या घाऊक दुकानाचे विक्रीचे अहवाल मी घरी बसून करत असे. दतिया गेटजवळ आमच्या दोन खोल्या. एकीत माझा लॅपटॉप, दुसरीत बाबा. अर्धांगवायूनंतर त्यांचा उजवा हात कामातून गेला होता. विक्री, साठा, परत आलेला माल यांचे तक्ते आणि ते जोडणारी सूत्रं, हे सगळं मॉडेल क्लाऊडवर होतं, म्हणून मला घर सोडावं लागत नव्हतं.

मग मालकांचा फोन आला. "दीदी, ये किराये का क्लाउड बंद करो. फ़ाइल दुकान के कंप्यूटर में रखो, और आप भी यहीं बैठो."

म्हणजे मॉडेल खाली उतरलं की मी घराबाहेर. आणि उतरवायचंही मीच.

डाउनलोड करायला गेले तर नकार. मॉडेलमध्ये मी क्लाऊडवरच फेरफार केले होते, त्यामुळे त्याची आयती फाइल मिळेना. इथेच हात वर करता आले असते. 'होत नाही' म्हटलं असतं तर मालकांना काय कळणार होतं? क्लाऊड चालू राहिला असता, मी घरी राहिले असते.

पण बाबा रेल्वेत केबिनमन होते, सिग्नलचे खटके सांभाळायचे. बदलीच्या माणसाला सगळं नीट सोपवल्याखेरीज ते केबिनमधून हलत नसत, अंगात ताप असला तरी. अर्धवट चार्ज देणं ही आमच्या घरात शिवीच. हे वळण माझ्याही अंगात मुरलंय आणि मला त्याचा वैताग येतो.

कोरी फाइल उघडली. एकेक तक्ता मुळातून ओढला, सूत्रं चिकटवली, जोडण्या पुन्हा बांधल्या. बेरीज काही जुळेना. परतीचा माल दोनदा धरला जात होता. एक जोडणी मी भलत्याच रकान्याला बांधली होती. ती सोडवली. दुपारी दोन्हीकडचे आकडे जुळले आणि मला काडीचाही आनंद झाला नाही. मान अवघडली होती, डोळे चुरचुरत होते.

"झालं का गं?" आतून बाबांनी विचारलं.

"झालं. सोमवारपासून दुकानात बसायचंय. शेजारच्या भाभीजी मधूनमधून डोकावतील."

"चार्ज पूर्ण दिलास ना?"

"दिला, बाबा."

थोड्या वेळाने आत पाहिलं तर ते डाव्या हाताने तांब्या उचलायला बघत होते. पाणी चादरीवर सांडलं. मी धावले.

"बस तू," ते म्हणाले. "सोमवारी तू नसशील."