गणूला विचारा

बाळकुमच्या तुळसाला गावात तोंडाळ म्हणायचे, पण पोराशी ती कधी खोटं बोलली नाही. बाकीच्या बाया पोरांचा डोळा चुकवून मिठागरावर पळायच्या. तुळसा तीन वर्षांच्या गणूला समोर बसवून सांगायची, "मी मिठागरावर चालले. सांजेला येईन." तो भोकाड पसरायचा, तरी ती सांगूनच जायची. आणि सांजेला यायचीच. त्यानं काही सांडलं-फोडलं आणि कबूल केलं, तर त्याच्या अंगाला बोट लावायची नाही.

पण तिची जाऊ गोदा! एका दुपारी पोरगं किरकिरतंय म्हणून ही बया त्याला म्हणाली, "तुझी आय खाडीत बुडाली. आता गप बस." अरे, जीभ कशी झडली नाही हिची! गणू रडून रडून तापानं फणफणला. त्यानंतर आई उंबऱ्याकडे वळली की तो तिच्या पायाला मिठी मारायचा. 'सांजेला येईन' म्हटलेलं त्याला पटेचना. तुळसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिला या घरातून हाकलीन तरच नावाची तुळसा, असं तिनं मनाशी ठरवलं.

संधी चैत्रात आली. गोदानं वर्षाचा मसाला कांडून अंगणात कापडावर गार करायला पसरला आणि ती पडवीत जरा लवंडली. तुळसानं भरला हंडा त्या मसाल्यावर उपडा केला. गणू शेजारीच उभा होता. त्याला जवळ ओढून ती कुजबुजली, "आजीनं विचारलं तर काकीचं नाव घे. काकीनं वतलं, असं बोल."

मसाल्याचा चिखल बघून सासू आवडाबाई कडाडली, "गोदे, हंडा सांडून वर्षाचा मसाला घालवलास! माहेरची वाट धर!" गोदा रडत शपथा घ्यायला लागली, तशी सासूच म्हणाली, "गणूला विचारा. या घरात तोच एक खोटं बोलत नाय."

तुळसाला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"काकीनं नाय," गणू म्हणाला. "आयनं वतलं. आय बोलली, काकीचं नाव घे."

तुळसाचा हात उगारला गेला. पोरगं जागचं हललं नाही. खरं बोलल्यावर आई मारते, हे त्याला ठाऊकच नव्हतं. पलीकडे गोदा तोंडाला पदर लावून हसत होती. तिच्या झिंज्या उपटाव्यात असं तुळसाला झालं. सासू तिच्याच तोंडाकडे बघत होती. 'पोरगं काहीबाही बरळतंय' एवढं म्हटलं असतं, तर गोदा आजच माहेरी गेली असती.

तुळसानं हात खाली घेतला.

"खरं बोलतंय ते," ती दातओठ खात म्हणाली. "मीच वतलं."