पल्लवीचा फोन वाजला नाही

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. भावाला सांगितलं नाही, कंपनीतल्या जिवाभावाच्या मैत्रिणीला नाही. आई होती तोवर तिलाही नाही. तुम्हाला का सांगते आहे — मलाही नीट कळत नाही. तुम्ही आमच्या परंदवडी गावचे नाही, म्हणून असेल.

आधी घर सांगते. खाली पुढच्या खोलीत आई, मधल्या खोलीत मी, मागे स्वयंपाकघर. वर स्लॅब टाकून काढलेल्या खोलीत माझा धाकटा भाऊ सागर आणि त्याची बायको पल्लवी. माझा संसार दोन वर्षांतच मोडला आणि मी माहेरी आले ती कायमचीच. गावाजवळच्या एका कंपनीत मी पहिल्या पाळीला इलेक्ट्रॉनिक पार्ट तपासायला बसते. त्यामुळे घरातलं वायरींचं, मोबाईलचं, टीव्हीचं जे काही असेल ते माझ्याकडे. नेट मी आणलं, राउटर माझ्या खोलीत मी लावला, त्याचा पासवर्ड माझ्या डोक्यात. काही बंद पडलं की सगळे म्हणायचे, ताईला विचारा. हे ऐकायला मला किती आवडायचं, ते फार उशिरा माझ्या लक्षात आलं.

आईला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. डावी बाजू लुळी पडली, तरी कुणी सोबत असलं की उजव्या हातानं भिंत धरून ती अंगणापर्यंत यायची. आवाज मात्र बसला होता. हाक मारायची तर स्टीलची वाटी पलंगाच्या दांडीवर आपटायची. मी उठून जायचे. कधी कुरकुरायचे, कधी चक्क चिडायचे. पण वाटी वाजली म्हणजे ती मलाच बोलावते आहे, दुसऱ्या कुणाला नाही — हे मला माहीत असायचं. तेवढ्यावर माझे दिवस चालले होते. खोटं कशाला बोलू?

मग पल्लवी लग्न होऊन आली. लोणावळ्याची पोरगी, तिथल्या एका हॉटेलात काउंटरवर काम केलेली. बोलायला मऊ, हाताला चलाख. दोन-तीन महिन्यांतच तिनं घरातले दोन जुने मोबाईल शोधून काढले, सिमकार्ड नसलेले. त्यात कसलंसं ॲप घातलं. एक आईच्या उशाशी ठेवला, एक स्वतःजवळ. आईनं पडद्यावरच्या हिरव्या गोलावर बोट ठेवलं की पल्लवीजवळचा वाजायचा आणि दोघी बोलायच्या. घरातल्या वायफायवरून एक फोन दुसऱ्याला शोधायचा, बास.

आई हरखून गेली. शेजारच्या मावशी आल्या की त्यांना करून दाखवायची.

"आता वाटी आपटाया नगं बग. हिनं माजी लय सोय केली. — पल्लवी, च्या ठिव गं."

फोनमधून उत्तर यायचं, "ठेवते, आई."

मी तिथंच बसलेली असायचे. आईच्या पलंगापासून दोन हातांवर. मला चहा ठेवता येत नव्हता का? इतकी वर्षं कुणी ठेवला होता?

हळूहळू ताईला विचारा हे बंद झालं. टीव्हीचं काही असलं तरी सागर म्हणायचा, पल्लवी, बघ गं जरा. आई तर दिवसभर त्या फोनशीच बोलायची. दोघी हसायच्या, आणि मला भिंतीपलीकडून फक्त हसणं ऐकू यायचं. मी जळायचे — त्याला दुसरा चांगला शब्द नाही. माझ्याहून चौदा वर्षांनी लहान पोरगी, आणि मी रात्रंदिवस तिच्यावर जळत होते.

राउटरच्या सेटिंगमध्ये एक चौकोन असतो. त्यात खूण केली की घरातल्या सगळ्या मोबाईलना नेट मिळतं, पण ते एकमेकांना दिसत नाहीत. हॉटेलांत हे मुद्दाम करतात, अनोळखी माणसांचे फोन एकमेकांपर्यंत पोचू नयेत म्हणून. एका रविवारी जेवणं झाल्यावर मी खोलीचं दार लोटून घेतलं आणि ती खूण केली.

लगेच कुणाला काहीच कळलं नाही. सागरचे व्हिडिओ चालू होते, टीव्ही चालू होता. संध्याकाळी आईनं हिरव्या गोलावर बोट ठेवलं — आणि काहीच झालं नाही.

पल्लवीनं तीन दिवस काय काय केलं म्हणून सांगू! फोन बंद करून चालू केले. ॲप काढून परत घातलं. वायफाय विसरायला लावून पासवर्ड पुन्हा टाकला — तो मीच सांगितला. शेवटी दोन्ही मोबाईल ओट्यावर शेजारी-शेजारी ठेवून ती बघत बसली. दोन्हीवर वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या. "एकाच वायफायवर आहेत, मग एकमेकांना सापडत का नाहीत?" असं स्वतःशीच म्हणायची. सागर वैतागला, नसते उद्योग म्हणाला. आई पुन्हा वाटी आपटायला लागली. मी उठून जायला लागले. आणि मला बरं वाटत होतं हो — खरंच बरं वाटत होतं.

बुधवारी पल्लवी माझ्या खोलीच्या दारात आली.

"ताई, आमच्या हॉटेलात असं व्हायचं. तिथला माणूस राउटरमध्येच काहीतरी बदलायचा. तुम्ही एकदा बघता का?"

मी म्हणाले, "बघितलं मी. तिथं काही नाही."

एवढं सरळ खोटं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. तिनं लगेच विश्वास ठेवला. तिच्या चेहऱ्याकडे बघून माझी मलाच लाज वाटली, असं वाटेल तुम्हाला. थोडी वाटली. पण त्याहून जास्त वाटलं ते वेगळंच — आता आपण दुरुस्त करून दाखवावं. संध्याकाळी सगळे जमले असताना मी राउटर उगाच खोलून बघितला, वायर काढली, लावली आणि गुपचूप ती खूण काढून टाकली. फोन वाजला. सागर म्हणाला, शेवटी ताईच पाहिजे. आईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

इथं थांबले असते तर? हे मी स्वतःला किती वेळा विचारलं असेल.

गुरुवारी पहाटे मी कामावर निघायची तयारी करत होते. आई जागी झाली होती. मला वाटलं, आज ती मला हाक मारेल. काल मीच नीट करून दिलं ना? तिनं फोन घेतला, हिरवा गोल दाबला. "पल्लवी, उटलीस का गं? खाली ये की, माज्यापाशी बस जरा."

मी वेणी घालत होते. वेणी अर्धी सोडली, मोबाईल घेतला आणि राउटरमधली ती खूण पुन्हा केली. मग वेणी पूर्ण करून कंपनीच्या बसला गेले.

पहिल्या वेळी आईला माहीत होतं, फोन बंद आहे. या वेळी तिला वाटत होतं, तो चालू आहे. हा फरक मला त्या क्षणी कळत नव्हता का? — कळत होता. कळत असावा. मी त्याच्याकडे पाहिलं नाही, एवढंच.

अकराच्या सुमाराला पल्लवी गच्चीवर गोधड्या वाळत घालत होती. मोबाईल कमरेला खोचलेला. खाली आईला संडासला जायचं होतं. तिनं हिरवा गोल दाबला. पुन्हा दाबला. वाटी आपटली, पण वाटीचा आवाज गच्चीपर्यंत कुठून जाणार? मग ती एकटी उठली. पल्लवी खाली आली तेव्हा ती दाराशी पडलेली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं.

मी तळेगावच्या दवाखान्यात पोचले, आईला बघितलं, आणि कपडे आणायचं निमित्त करून आधी घरी आले. राउटरमधली खूण काढली. मग कपडे भरले.

त्याचा परिणाम काय झाला, ते ऐका. संध्याकाळी सागरनं घरी येऊन दोन्ही फोन तपासले, तर ते चांगले चालत होते. म्हणजे आईनं बोलावलं आणि पल्लवीनं लक्ष दिलं नाही! शेजारपाजारच्यांसमोर तो तिला वाट्टेल ते बोलला. ती एकच म्हणत राहिली, वाजला नाही हो, खरंच वाजला नाही. नंतर मोरीपाशी मला धरून रडली. "ताई, मलाच ऐकू आलं नसेल का?"

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "गच्चीवर वारा असतो गं. नसेल ऐकू आलं."

आणि तिनं ते मानलं. तेव्हापासून तिला स्वतःच्या कानांचा भरवसा राहिला नाही. दोनदा लोणावळ्याला जाऊन कान तपासून आली.

आई त्यानंतर अंगणात आली नाही. सव्वा वर्ष अंथरुणावर होती. तिचं सगळं पल्लवीनं केलं — अंग पुसणं, कूस बदलणं, सगळं. मी हात लावायला गेले तर म्हणायची, राहू द्या ताई, माझ्यामुळं झालंय. मी राहू दिलं.

आई गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला गावातले, नात्यातले सगळे आले होते. बुद्धवंदना झाली, लोक आईबद्दल दोन-दोन शब्द बोलले. मग पल्लवी उभी राहिली. हात जोडून म्हणाली, "आईंनी मला बोलावलं होतं आणि मी गेले नाही. त्यांनी मला कधी बोल लावला नाही, पण चूक माझीच होती." आणि ती रडायलाच लागली. मी पुढच्याच रांगेत होते. सगळे ऐकत होते, आणि तोंड उघडायचं तर तीच वेळ होती. मी उठले, तिला जवळ घेतलं, माझ्या पदरानं तिचे डोळे पुसले आणि तिला खाली बसवलं.

मागून शेजारच्या मावशी कुणाला तरी म्हणाल्या, "अशी नणंद मिळाया भाग्य लागतं बाई."

मी मान खाली घातली. लोकांना तो माझा मोठेपणा वाटला.